निळ्या बाटलीतलं मीठ

वहिनी लग्न होऊन आमच्या घरी आली तेव्हा तिच्याबरोबर दोन सुटकेस आणि तीन खोकी होती. आईने सुटकेसकडे ढुंकूनही पाहिलं नाही. खोक्यांकडे मात्र ती बराच वेळ बघत राहिली. आईचं ते बघणं मला लहानपणापासून माहीत आहे. तशी बघितलेली वस्तू आठवड्याभरात भंगारवाल्याकडे पोचते.

मी आणि दादा आईला पाठीमागे ‘सफाई खातं’ म्हणतो. समोर म्हणायची आमची छाती नाही. वापरात नाही ती वस्तू घरात नाही, हा तिचा कायदा. घर म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या अडीच खोल्या, तेव्हा कायदा अगदीच चुकीचा होता असंही नाही. पण त्या कायद्यात दादाने खोलून ठेवलेले रेडिओ गेले आणि माझी बसच्या तिकिटांची वहीही गेली. नऊ वर्षांची तिकिटं होती, क्रमांक बघून लावलेली. आई ओरडत नाही, चिडत नाही. आपण शाळेतून घरी यावं तर ती जागा रिकामी आणि फडक्याने पुसलेली असते. विचारलं तर म्हणते, काय करायचं होतं त्याचं? आणि खरंच, तिकिटांच्या वहीचं काय करायचं असतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

तर खोक्यांत बाटल्या होत्या. वहिनी सरकारी हॉस्पिटलच्या औषधखिडकीवर फार्मसिस्ट आहे. शिकत होती तेव्हापासून ती बंद पडणाऱ्या जुन्या औषध दुकानांच्या मागे लागायची आणि त्यांच्या फळ्यांवरच्या काचेच्या बाटल्या मागून आणायची. अशा एकशे चाळीस बाटल्या. तपकिरी, हिरव्या, काही निळ्या. त्यांची बुचंही काचेची, घट्ट बसणारी, फिरवली की दात शिवशिवावेत असा आवाज करणारी. लेबलं दमट हवेत कुजतात म्हणून ती भिजवून सोडवायची आणि एका जाड वहीत चिकटवून ठेवायची. त्यामुळे बाटल्यांवर काहीच लिहिलेलं नव्हतं. कशात काय होतं हे एक ती वही जाणे नि एक वहिनी.

पहिल्याच संध्याकाळी आईने विचारलं, यांत काय आहे? वहिनी म्हणाली, “काही नाही आई. सगळ्या रिकाम्या आहेत. धुतलेल्या.”

हे खोटं होतं. एकशे एकोणचाळीस रिकाम्या होत्या. एक भरलेली होती, मूळ मालासकट. असली बाटली हजारात एखादी मिळते, आणि ती रिकामी करायला वहिनीचा हात धजला नव्हता. हे आम्हाला पुढे कळलं. त्या संध्याकाळी आई एवढंच म्हणाली की रिकाम्या बाटल्या सांभाळणारं माणूस मी पहिल्यांदाच बघतेय. दादाने प्रसंग ओळखून तिन्ही खोकी उचलली आणि माळ्यावर चढवली.

त्यानंतरचं वर्ष वहिनीने ज्या धास्तीत काढलं, ते माझ्याइतकं कोणी पाहिलेलं नाही. कामावरून आली की पायांतले बूट काढायच्या आधी तिची मान वर जायची. माळ्याच्या कडेला खोक्यांचे तीन कोपरे दिसायचे. ते मोजले की ती श्वास सोडायची आणि मग “चहा झाला का?” म्हणायची. आईला वाटायचं, पोरीची मान धरलीय. तिने दोनदा तिला शेक घ्यायला लावला. वहिनीने तोही मुकाट घेतला.

कधी रविवारी आई-बाबा बाहेर गेले की वहिनी स्टूल घेऊन वर चढायची आणि मी खिडकीत पहाऱ्याला बसायची. ती एकेक बाटली उजेडात धरून पुसायची. कुठल्या दुकानातली, मालक काय म्हणाला, बस चुकून किती मैल चालावं लागलं, सगळं सांगायची. एरवी घरात जेमतेम दोन वाक्यं बोलणारी बाई तेव्हा अखंड बोलायची. मला ती फार आवडायला लागली. पण जिन्यात पाऊल वाजलं की तिचा आवाज तोंडातच मरायचा, आणि मलाही घाम फुटायचा. दोन कमावत्या बायका, आणि आमचं हे असं.

मग वहिनीला नोकरीत कायम केल्याचं पत्र आलं. आईने ते दोनदा वाचलं. शनिवारी सकाळी वहिनी कामावर गेल्यावर मला म्हणाली, “वर चढ. तिच्या बाटल्या खाली काढ.”

माझं धाबं दणाणलं. मी म्हणाले, आई, नको गं, तिचा जीव आहे त्यांत. आई म्हणाली की म्हणूनच काढायच्यात. इतक्या चांगल्या वस्तू धूळ खात पडल्यात. चांगल्या वीसेक निवडू, स्वच्छ धुऊ, स्वयंपाकघरात फळीवर मांडू आणि रोज वापरू. घरी आली की बघेल. आईचा चेहरा असा उजळला होता की मला नाही म्हणवेना. तिच्या लेखी वस्तूला याहून मोठा मान नव्हता. दादा कामासाठी परगावी होता, नाहीतर त्याने काहीतरी निमित्त काढून थांबवलं असतं. मी काढलं नाही.

आम्ही दोघींनी दोन खोकी खाली काढून वीस बाटल्या निवडल्या. धुताना एका निळ्या बाटलीत दोन-तीन चमचे पांढरी भुकटी निघाली. मी आईला दाखवली. आईने वास घेतला, वास कसलाच नव्हता. “जुना सोडा असेल,” म्हणत तिने भुकटी मोरीत ओतून पाणी सोडलं. तळाशी एक पांढरा थर चिकटून राहिला. घासणी आत पोचेना. आई म्हणाली, जुनी काच अशीच होते. तेव्हा माझ्या मनात आलं होतं की वहिनी तर म्हणाली होती सगळ्या रिकाम्या आहेत. मनात आलं आणि मी पुढची बाटली धुवायला घेतली. माझा अपराध तेवढाच, पण तो मी अजून विसरलेली नाही.

त्या निळ्या बाटलीला बाहेरून उभे कंगोरे होते. आईने ती हातात धरून बघितली आणि खूश झाली. ओल्या हातातून सटकणार नाही, म्हणाली, आणि तिच्यात मीठ भरलं. मग त्याच मिठाने भाजी केली आणि बाबांचा डबा भरला. दहा वाजता बाबा डबा घेऊन छापखान्यात गेले.

शनिवारी वहिनीची अर्धी पाळी असते. बारा वाजता ती दारात उभी राहिली आणि सवयीने मान वर केली. माळ्यावर एकच कोपरा होता. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरताना मी पाहिला. मी घाईघाईने म्हणाले, टाकल्या नाहीत गं, आत बघ. ती आत गेली. फळीवर वीस बाटल्या चकाकत होत्या, डाळी, साखर, चहा भरलेल्या. आई पदराला हात पुसत कौतुकाची वाट बघत उभी होती. वहिनी हसली. खरंच हसली, डोळ्यांत पाणी आणून. आणि मग तिची नजर निळ्या बाटलीवर गेली.

तिने ती उचलली. कंगोऱ्यांवरून अंगठा फिरवला.

“आई, यात काय भरलंत?”

“मीठ.”

“यात आधी जे होतं ते?”

“ते सोड्यासारखं? टाकलं धुऊन.”

“आणि हे मीठ कशात घातलंत?”

आई म्हणाली, भाजीत. वहिनीने बाटली ओट्यावर इतक्या हळू ठेवली की आवाजही झाला नाही. मग म्हणाली, “त्यात सोमल होता.” आईला शब्द कळला नाही. मलाही नाही. “विष आहे, आई. जुन्या दुकानांत ठेवायचे. त्याला चव नसते, वास नसतो. अंधारातही हाताला कळावं म्हणून असल्या बाटल्यांना कंगोरे पाडायचे.”

म्हणजे ज्या कंगोऱ्यांमुळे हात मागे घ्यायचा, त्यांच्यासाठीच आईने ती बाटली निवडली होती. वहिनीने फक्त दोन प्रश्न विचारले. पहिला मला, तू काही खाल्लंस? मी नाही म्हणाले. दुसरा आईला. आई म्हणाली, अजून जेवायची वेळ कुठे झालीय, मी कशाला खाऊ?

राहिले बाबा. बाबा साडेबाराच्या ठोक्याला जेवतात. मी त्यांना फोन लावला. वाजत राहिला, कारण छापखान्यात फोन कपाटात ठेवावा लागतो. छापखान्याच्या ऑफिसात लावला, तो कोणी उचलेना. बारा वाजून आठ मिनिटं झाली होती. वहिनीने स्कूटरची किल्ली उचलली.

त्या रस्त्याचं मला फारसं आठवत नाही. एका सिग्नलला आम्ही थांबलो होतो आणि वहिनी मोठ्याने आकडे मोजत होती, लाल दिवा किती सेकंदांचा ते. मी तिला घट्ट धरलं होतं. ती बाटली उद्या देऊन टाकणार होते, उद्याच्या रविवारी, असं ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला तिचा भयंकर राग आला होता आणि तिला सोडायची भीतीही वाटत होती.

छापखान्यात यंत्रांच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. बाबा त्यांच्या यंत्रापाशी नव्हते. फोरमनने खुणेने कपाटांची खोली दाखवली. आम्ही धावत गेलो. बाबा आमच्याकडे पाठ करून बाकावर बसले होते. मांडीवर डबा, झाकण उघडं, हात तोंडाकडे चाललेला.

वहिनी बाबांसमोर कधी मोठ्याने हसलीसुद्धा नव्हती. तिने त्यांच्या हातावर फटका मारला. घास भिंतीवर उडाला, डबा खाली पडला. बाबा तोंड उघडं ठेवून बघत राहिले. किती खाल्लंत, तिने विचारलं. काही नाही, बाबा म्हणाले, हा पहिलाच होता, आज कागद अडकला म्हणून उशीर झाला. तिने पुन्हा विचारलं, मग तिसऱ्यांदा विचारलं, आणि मग ती तिथेच फरशीवर बसली.

मी बाबांना काय झालं ते सांगितलं. सांगताना माझी नजर त्यांच्या उघड्या कपाटात गेली. आत वरपासून खालपर्यंत फायली होत्या, पाठीवर वर्षं लिहिलेल्या. एक उघडी होती, जेवताना बघायला काढलेली. त्यात चुकीचे छापलेले कागद होते, रंग सरकलेले. साबणाच्या वेष्टनावरच्या बाईचे ओठ हनुवटीवर आले होते, बिस्किटांच्या पुड्यावरच्या गाईला दोन तोंडं होती. छापखान्यात असले कागद रद्दीत जातात. बाबांनी ते एकतीस वर्षं जपले होते. पहिली फाईल त्यांच्या लग्नाच्या वर्षाची होती.

माझी नजर कुठे आहे ते बाबांच्या लक्षात आलं. आत्ता, या घडीला ते विषाच्या एका घासातून वाचले होते. त्यांनी कपाटाचं दार ढकललं आणि माझा दंड धरून हळूच म्हणाले, “घरी सांगू नकोस हं.”

मला हसू यायला हवं होतं. आलं नाही. मी नाही सांगत, म्हणाले.

वहिनी फरशीवरून अजून उठली नव्हती. सांडलेल्या भाजीकडे बघत होती. अचानक तिने मला विचारलं, “आई चव घेतात ना गं, करताना?”

घेते. तळहातावर घेते, दोनदा. एकदा मीठ घातल्यावर आणि एकदा उतरवताना. ती त्याला खाणं म्हणत नाही, जसं कोणी श्वास घेण्याला काम म्हणणार नाही. मी घरी फोन लावला आणि विचारलं. आई म्हणाली, घेतली होती. मग म्हणाली, सकाळपासून पोटात जरा जळजळतंय, मला वाटलं चहाने.

आम्ही घरी पोचलो तेव्हा आई खुर्चीत बसली होती आणि निळी बाटली मांडीवर घेऊन कंगोऱ्यांवरून बोट फिरवत होती. घाबरलेली आई मी आयुष्यात पाहिली नव्हती. तिने माझा हात धरला आणि तिची बोटं गार होती. जिना उतरताना ती म्हणाली की गॅस बंद केलाय, आणि दादाला एवढ्यात कळवू नका. मी खाली मान घालून रडत होते. रडू नकोस म्हणायचंही तिला सुचलं नाही.

वहिनीने आईला स्वतःच्याच हॉस्पिटलात नेलं. नोकरीत कायम होऊन चार दिवस झाले होते. कुठलं विष, कुठून आलं, असं डॉक्टरांनी विचारायच्या आत तिने सांगून टाकलं. माझं आहे, वर्षभर घरात मी ठेवलं होतं, कोणाला सांगितलं नव्हतं. तिची साहेबीण तिथेच होती. वहिनीने बाटली तिच्या हातात दिली आणि आईची चाकाची खुर्ची ढकलत आत गेली. पुढे तिला लेखी ताकीद मिळाली आणि नोकरी राहिली. पण त्या दुपारी तिला ते ठाऊक नव्हतं, आणि मला वाटतं, तिच्या ध्यानातही नव्हतं.

आईचं पोट धुतलं, रक्त घेतलं, सलाईन लावलं. तपासणीचा अहवाल दुसऱ्या दिवशी दुपारी येणार होता. तोवर काय होईल हे कोणी छातीठोकपणे सांगेना. बाबाही रिक्षाने थेट तिथे आले होते. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसून राहिलो. नर्सने दार उघडलं की तिघंही एकदम उभे राहायचो. बाबा अधूनमधून म्हणायचे, चिमूटभर मीठ, त्यातलं किती ते. मी मनातल्या मनात आईशी भांडत होते, तिकिटांच्या वहीवरून, आणि तिला काही झालं तर हे भांडण मला आयुष्यभर एकटीला भांडावं लागणार होतं.

अहवाल आला. अंश होता, पण इतका कमी की अपाय होणार नाही. जळजळ बहुधा भीतीची आणि चहाची, डॉक्टर म्हणाले, उद्या घरी न्या. बाबा खिडकीपाशी जाऊन बाहेर बघायला लागले. मी आईच्या पायांशी बसले. वहिनी पलंगाच्या कडेला उभी होती, कालच्याच कपड्यांत.

“आई,” ती म्हणाली, “तुम्ही घरी यायच्या आत सगळ्या बाटल्या जातील. एकही राहणार नाही.”

आई छताकडे बघत होती. ती म्हणाली, “विष आहे हे तुला माहीत होतं. वर्षभर आमच्या डोक्यावर ठेवलंस. सांगितलं का नाहीस?”

“भीती वाटली.”

“विषाची?”

“नाही,” वहिनी म्हणाली. “तुमची.”

बाबांनी पाण्याचा जग उचलला. तो निम्म्याहून जास्त भरलेला होता. तो भरून आणतो असं पुटपुटत ते बाहेर गेले. आई त्यांना जाताना बघत राहिली. दार लागल्यावरही तिची नजर दारावरच होती.

“मग बाटल्या टाकून काय होणार आहे?” ती म्हणाली. “राहू देत.”

वहिनीने तोंडावर हात घेतला आणि ती रडायला लागली. आईने तिला गप्प केलं नाही. तिने मान माझ्याकडे वळवली. तिचा आवाज मी तितका लहान कधी ऐकला नव्हता.

“तुलाही वाटते का गं, माझी...”

मी “नाही” म्हणाले. तिचं वाक्य पुरं व्हायच्या आतच म्हणाले. आईने माझ्याकडे थोडा वेळ पाहिलं, मग तोंड भिंतीकडे केलं आणि चादर वर ओढून घेतली.